मजुरीवर सेल्स टॅक्स लागतो का? एडिसनचा नळ, डॅलसचं दुकान आणि बाकीची राज्यं

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारे एक गृहस्थ घरदुरुस्तीची कामं घेतात: बाथरूम-किचन नव्यानं करून देणं, नळ आणि ड्रायवॉलची दुरुस्ती, सीसीटीव्ही बसवणं, उन्हाळ्यात गवत कापणं. गिऱ्हाइकं बहुतेक न्यू जर्सीतली, पण अधूनमधून स्टेटन आयलंडला आणि पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीतही जावं लागतं. त्यांचे मेव्हणे टेक्ससमधल्या डॅलसला हाच धंदा काढताहेत. मेव्हणे म्हणतात, "लेबरवर टॅक्स नसतो, मटेरियलवर असतो." एडिसनचा ओळखीचा एक कंत्राटदार म्हणतो, "दुरुस्तीत लेबरवरच असतो." यातलं खरं काय, आणि आजवर गिऱ्हाइकाकडून न घेतलेल्या टॅक्सचं काय करायचं?

दोघंही आपापल्या गावापुरते बरोबर आहेत. दुसऱ्याच्या गावात मात्र दोघांचाही सल्ला महागात पडेल. अमेरिकेत केंद्र सरकारचा सेल्स टॅक्स नाही. ४५ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी यांचे आपापले कायदे आहेत. अलास्का, डेलावेअर, मोंटाना, न्यू हॅम्पशायर आणि ऑरेगन या पाच राज्यांत राज्यपातळीवर हा कर नाही, पण त्यातल्या अलास्कात गावोगावच्या पालिका स्वतःचा कर लावतात. त्यामुळे "लेबरवर टॅक्स असतो का?" या प्रश्नाला सबंध देशासाठी एक उत्तर नाहीच. माझ्याकडे कोणी हा प्रश्न घेऊन आलं की मी आधी विचारतो: काम कुठल्या पत्त्यावर झालं? कशावर झालं, घरावर, दुकानावर की एखाद्या वस्तूवर? नवं काही उभं केलं, की होतं ते चालतं केलं? आणि बिलात काय लिहिलंय? ही उत्तरं हातात आली की बहुतेक वेळा टॅक्सचंही उत्तर मिळतं.

एकच गळका नळ घेऊ. १०० डॉलरचं साहित्य, २०० डॉलर मजुरी.

एडिसनच्या घरात ही दुरुस्ती आहे, आणि न्यू जर्सीत स्थावर मालमत्तेची दुरुस्ती करपात्र सेवा आहे. साहित्य विकत घेताना कंत्राटदारानं दुकानात टॅक्स भरायचा. बिलात साहित्य आणि मजुरी वेगवेगळी दाखवली असेल, तर गिऱ्हाइकाकडून टॅक्स घ्यायचा तो मजुरीवर: २०० डॉलरवर ६.६२५ टक्के, म्हणजे १३.२५ डॉलर. "नळदुरुस्ती ३०० डॉलर" असं एका ओळीत लिहिलं, तर पूर्ण ३०० वर टॅक्स. एडिसनच्या कंत्राटदाराचं म्हणणं इथून आलंय, आणि ते बरोबर आहे.

आउटरब्रिज पूल ओलांडून स्टेटन आयलंडला तोच नळ दुरुस्त केला, तर तो न्यू यॉर्क शहरात येतो. तिथे राज्याचे ४, शहराचे ४.५ आणि महानगर वाहतूक जिल्ह्याचे ०.३७५ मिळून ८.८७५ टक्के. दुरुस्तीत साहित्य आणि मजुरी दोन्ही धरून सगळ्या बिलावर कर, म्हणजे ३०० वर २६.६३ डॉलर. साहित्यावर न्यू यॉर्कमध्ये भरलेला टॅक्स कंत्राटदाराला रिटर्नमध्ये क्रेडिट म्हणून मागता येतो. बिलात मजुरी वेगळी दाखवून तिथे काही वाचत नाही.

बक्स काउंटीत इमारतीची दुरुस्ती बांधकामात मोडते. तिथे कंत्राटदार साहित्याचा अंतिम ग्राहक समजला जातो. दुकानात ६ टक्के भरायचे, आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा टॅक्स घ्यायचा नाही.

डॅलसच्या राहत्या घरात मजुरीवर टॅक्स नाही. एकठोक बिल केलं, तर कंत्राटदार साहित्य घेताना टॅक्स भरून मोकळा. साहित्य आणि मजुरी वेगळी लिहिली, तर १०० डॉलरच्या साहित्यावर ८.२५ टक्के गिऱ्हाइकाकडून घ्यायचे. त्या ८.२५ मध्ये ६.२५ राज्याचे आणि वरचे २ पर्यंत स्थानिक. मेव्हण्यांचं म्हणणं इथपर्यंत खरं. पण तोच नळ डॅलसच्या एखाद्या दुकानात, ऑफिसात किंवा रेस्टॉरंटात असेल, तर टेक्सस पूर्ण ३०० वर कर घेतं, २४.७५ डॉलर. मजुरी वेगळी दाखवूनही सुटका नाही.

नळ एक, माणूस एक, पाना एक, आणि चार हिशेब. म्हणूनच "माझा भाऊ अमुक राज्यात असं करतो" हा आधार मी कोणालाही घेऊ देत नाही.

आता तुमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा भाग, बाथरूम-किचन. न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क या दोन्ही ठिकाणी इथे 'कॅपिटल इम्प्रूव्हमेंट'ची रेघ आहे. घराची किंमत वाढवणारं किंवा आयुष्य लक्षणीय वाढवणारं, घराला कायमचं जोडलं जाणारं काम असेल, तर गिऱ्हाइकाकडून टॅक्स घ्यायचा नाही. जुनं बाथरूम उखडून नवं करणं, डेक बांधणं, छप्पर पूर्ण नवं घालणं ही अशी कामं. छपराच्या गळतीपुरत्या चार फळ्या बदलणं ही दुरुस्ती. रक्कम मोठी म्हणून इम्प्रूव्हमेंट आणि लहान म्हणून दुरुस्ती असं नसतं. काम कसलं आहे ते बघतात.

न्यू जर्सीत यासाठी घरमालकानं सही केलेला एसटी-८ फॉर्म तुमच्याकडे हवा. न्यू यॉर्कमध्ये त्याच कामासाठी एसटी-१२४. मी पाहिलेल्या ऑडिटांमध्ये सगळ्यात जास्त पैसे याच एका कागदाअभावी गेले. काम खरोखर करमुक्त होतं, फोटो होते, टाऊनशिपचं परमिट होतं, पण सही केलेला फॉर्म नव्हता. मग प्रत्येक काम करमुक्त कसं हे कंत्राटदारानंच सिद्ध करत बसायचं, तेही घर विकून गेलेल्या गिऱ्हाइकाला शोधून. म्हणून कराराच्या कागदांतच हा फॉर्म घाला आणि पहिला हप्ता घेताना सही घ्या. दोन्ही राज्यांत काम झाल्यापासून ९० दिवसांच्या आत आलेला पूर्ण भरलेला फॉर्म चालतो, पण काम संपल्यावर गिऱ्हाईक कागदावर सही करायला किती उत्सुक असतं, ते तुम्हाला माहीत आहे.

एसटी-८ बद्दल आणखी एक गैरसमज आहे. हा फॉर्म घरमालक तुम्हाला देतो, तुम्ही तो दुकानदाराला द्यायचा नाही. करमुक्त बाथरूमसाठी टाइल्स आणि कमोड घेताना तुम्ही टॅक्स भरायचाच. ६,००० डॉलरचं साहित्य असेल, तर ३९७.५० डॉलर तुमचा खर्च आहे, आणि तो कोटेशनच्या किमतीत आधीच धरलेला हवा. "गिऱ्हाइकाला टॅक्स नाही म्हणजे कोणालाच नाही" असं समजून दर दिले, तर प्रत्येक कामात तेवढे पैसे खिशातून जातात.

न्यू जर्सीनं ऑक्टोबर २००६ पासून तीन कामं या सवलतीतून बाहेर काढली: वॉल-टू-वॉल कार्पेटसारखं जमिनीचं आच्छादन घालणं, वायरिंग करून अलार्म किंवा सिक्युरिटी सिस्टिम बसवणं, आणि लँडस्केपिंग. ही कामं कॅपिटल इम्प्रूव्हमेंट असली तरी टॅक्स लागतो, आणि गिऱ्हाइकानं एसटी-८ दिला तरी तो त्या कामापुरता उपयोगाचा नाही. म्हणजे तुमच्या यादीतलं सीसीटीव्हीचं काम इथे अडकतं. बाथरूम आणि सिक्युरिटी सिस्टिम एकाच करारात घेत असाल, तर दोन्हींच्या रकमा वेगळ्या लिहा. नाहीतर करमुक्त भागालाही करपात्र ठरवायला ऑडिटरला वाव मिळतो.

गवत कापण्याचं मात्र सोपं आहे. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनिया आणि टेक्सस, चारही ठिकाणी लॉनची निगा करपात्र आहे, घर असो वा दुकान. पेनसिल्व्हेनियात बांधकामाची मजुरी मोकळी असली तरी इमारतीची सफाई आणि नेहमीची देखभालही करपात्र आहे. एकाच गिऱ्हाइकाचं बाथरूम करमुक्त आणि त्याच्याच अंगणातलं गवत करपात्र, हे तुमच्या बिलात स्वच्छ दिसलं पाहिजे.

न्यू यॉर्कमध्ये भाड्याच्या जागेत काम करताना थांबून विचार करा. भाडेकरूनं करून घेतलेलं काम कायमचं नाही, असं तिथलं खातं गृहीत धरतं. क्वीन्समध्ये किंवा स्टेटन आयलंडला भाड्याच्या गाळ्यात कोणी किराणा दुकान थाटत असेल, तर शेल्फ, काउंटर, पार्टिशन यांना तो एसटी-१२४ देईल, आणि तरीही ते इम्प्रूव्हमेंट ठरेलच असं नाही. भाडेकरारात काय लिहिलंय, जागा सोडताना हे सगळं मालकाकडे राहणार की भाडेकरू उचलून नेणार, हे आधी बघायचं. आणि न्यू जर्सीच्या दुकानातून ६.६२५ टक्के भरून आणलेलं साहित्य स्टेटन आयलंडच्या इम्प्रूव्हमेंटमध्ये बसवलं, तर फरकाचे २.२५ टक्के न्यू यॉर्कला यूज टॅक्स (कमी कर भरून आणलेला माल तिथे वापरल्याबद्दलचा कर) म्हणून द्यावे लागतात. हे फार कंत्राटदार भरत नाहीत, आणि ऑडिटर साहित्याची बिलं मागतो ती यासाठीच.

डॅलसच्या मेव्हण्यांसाठी एवढं पुरे: टेक्ससमध्ये निवासी आणि व्यावसायिक हा भेद सगळ्यात मोठा आहे. अपार्टमेंट कॉम्प्लेक्स आणि नर्सिंग होम निवासी समजतात, हॉटेल-मोटेल नाही. मोटेलवाल्यांची कामं घ्यायची असतील, आणि आपल्या लोकांच्या ओळखीनं ती येतातच, तर रिमॉडेलिंगच्या पूर्ण रकमेवर कर घ्यायचा. व्यावसायिक असूनही संपूर्ण नवं बांधकाम, किंवा नव्या इमारतीतल्या गाळ्याचं पहिल्यांदाच होणारं आतलं काम, वेगळं: तिथे मजुरीवर कर नाही. मात्र तोच गाळा दुसऱ्या भाडेकरूसाठी बदलला की ते रिमॉडेलिंग, आणि पूर्ण रकमेवर कर. लॉनप्रमाणेच सिक्युरिटी सेवा टेक्ससच्या करपात्र सेवांच्या यादीत आहेत, घरासाठी असल्या तरी.

आपल्याकडून आलेल्या माणसाला हे सगळं विस्कळीत वाटतं, कारण डोक्यात जीएसटी असतो. भारतात १ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा एकाच कायद्याखाली आल्या. वर्क्स काँट्रॅक्टला, म्हणजे साहित्य आणि मजुरी दोन्ही धरून घेतलेल्या कंत्राटाला, सेवा धरून कर लागतो आणि साखळीतला धंदेवाला आधीच्या टप्प्यावर भरलेल्या कराचं क्रेडिट घेतो. त्याआधी महाराष्ट्रात ज्यांनी कंत्राटदारी केली, त्यांना वर्क्स काँट्रॅक्टमधलं साहित्य किती आणि मजुरी किती हे भांडण चांगलं आठवत असेल; त्यासाठी १९८२ मध्ये ४६ वी घटनादुरुस्ती करावी लागली होती. अमेरिकेत ते भांडण अजून संपलेलं नाही, फक्त प्रत्येक राज्यानं स्वतःपुरतं मिटवलंय.

आणि इथे इनपुट क्रेडिटची साखळी नाही. माल पुन्हा विकायचा असेल तर रिसेल सर्टिफिकेट देऊन तो करमुक्त घेता येतो, न्यू जर्सीत एसटी-३. पण व्हॅन, ड्रिल मशीन, शिडी, ऑफिसचा प्रिंटर यांवर भरलेला टॅक्स तुमचा खर्चच. न्यू यॉर्कमधलं दुरुस्तीच्या साहित्याचं क्रेडिट हा एक मर्यादित अपवाद आहे. त्याला जीएसटीसारखं समजून सगळ्या खरेदीवर मागू नका. आणि तुम्ही कंत्राटदार म्हणून जे साहित्य बसवता, त्यावर न्यू जर्सीत एसटी-३ देणं चूक आहे, कारण कायद्याच्या नजरेत तुम्ही ते विकत नाही, वापरता.

मजुरीबद्दल इतका गोंधळ का, याचं कारण जुनं आहे. हे कायदे मुख्यतः १९३०च्या दशकातल्या महामंदीत आले, तेव्हा तिजोऱ्या रिकाम्या होत्या आणि दुकानातल्या मालावर कर बसवणं सोपं होतं. सेवा तेव्हा कोणाच्या डोळ्यासमोर नव्हत्या. पुढे अर्थव्यवस्था सेवांकडे सरकली आणि राज्यांना तिथला पैसा दिसू लागला, पण सरसकट कर लावायला गेलेल्यांचे हात पोळले. फ्लोरिडानं १ जुलै १९८७ ला सेवांवर व्यापक कर सुरू केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये रद्द केला. मिशिगनचा २००७ मधला सेवाकर ज्या दिवशी लागू व्हायचा, त्याच दिवशी मागे घेतला गेला. मॅसॅच्युसेट्सनं २०१३ मध्ये सॉफ्टवेअर सेवांवर लावलेला कर दोन महिन्यांत पूर्वलक्षी प्रभावानं काढला. त्यानंतर राज्यांनी दुसरी वाट धरली: एकेक सेवा यादीत घालायची. केंटकीनं जुलै २०१८ पासून लँडस्केपिंग, सफाई, ड्रायक्लीनिंग, वस्तू बसवण्याची मजुरी असं बरंच काही करपात्र केलं. नॉर्थ कॅरोलायनानं मार्च २०१६ पासून दुरुस्ती, देखभाल आणि बसवण्याच्या सेवांवर कर वाढवला आणि कॅपिटल इम्प्रूव्हमेंटसाठी स्वतःचं प्रतिज्ञापत्र आणलं, ई-५८९सीआय. म्हणून पाच-सात वर्षांपूर्वी कोणा सीपीएनं (इथल्या सीएनं) दिलेलं "नाही लागत" हे उत्तर आज पुन्हा तपासायला हवं.

काही राज्यांत प्रश्न उलटा आहे. हवाई, न्यू मेक्सिको आणि साउथ डकोटात जवळजवळ प्रत्येक सेवा करपात्र धरूनच चालायचं, आणि सूट शोधायची. हवाईचा जनरल एक्साइज टॅक्स ४ टक्के, ओआहू बेटावर ४.५. तो धंद्याच्या मिळकतीवरचा कर आहे आणि गिऱ्हाइकाकडून घेतलेला टॅक्ससुद्धा मिळकतीत धरतात. त्यामुळे ओआहूच्या बिलांवर ४.७१२ टक्के असा विचित्र आकडा दिसतो. साउथ डकोटात बांधकाम कंत्राटदारांना मात्र २ टक्के वेगळा एक्साइज टॅक्स आहे. वॉशिंग्टन राज्यात घरमालकासाठी केलेल्या बांधकामाच्या पूर्ण रकमेवर, मजुरीसकट, रिटेल सेल्स टॅक्स लागतो. राज्याचे ६.५ आणि वर स्थानिक. बेलव्ह्यू-रेडमंडला किचन करून घेणाऱ्या मराठी कुटुंबांना कोटेशनच्या वर दहा टक्के बघून धक्का बसतो, पण तो कंत्राटदाराचा लोभ नाही, कायदाच आहे.

स्थावर सोडून वस्तूंच्या दुरुस्तीकडे आलं की नकाशा पुन्हा बदलतो. गाडीच्या दुरुस्तीची मजुरी न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि पेनसिल्व्हेनियात करपात्र. टेक्ससमध्ये बिलात वेगळी दाखवली तर नाही. कॅलिफोर्नियात दुरुस्तीची मजुरी म्हणून नाही. फ्लोरिडात दुरुस्तीत एखादा सुटा भाग घातला की मजुरीसकट पूर्ण बिल करपात्र, आणि काहीही भाग न घालता नुसती मजुरी असेल तर नाही. व्हर्जिनियात दुरुस्ती आणि बसवण्याची मजुरी वेगळी लिहिली तर मोकळी. वेगळी न लिहिण्याचा आळस तिथे थेट पैशांत मोजता येतो.

कॅलिफोर्निया मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण तिथे घरून धंदा करणाऱ्या आपल्या बायका यात नकळत सापडतात. "कॅलिफोर्नियात सेवांवर टॅक्स नाही" हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तिथे मजुरीचे दोन भाग केलेत. होती ती वस्तू पूर्ववत करणं किंवा तयार वस्तू बसवणं, ही मजुरी करपात्र नाही. नवी वस्तू घडवणं मात्र करपात्र आहे, आणि कच्चा माल गिऱ्हाइकानं आणून दिला असला तरीसुद्धा. फ्रीमाँटमधल्या एखाद्या ताई गिऱ्हाइकानं आणलेल्या कापडाचा साडीवरचा ब्लाउज शिवतात. कापड त्यांचं नाही, त्यांनी फक्त कष्ट विकले. तरी शिलाईच्या पूर्ण रकमेवर सेल्स टॅक्स, राज्यभरातला किमान दर ७.२५ टक्के आणि बहुतेक शहरांत त्याहून जास्त. जुना, वापरलेला ब्लाउज उसवून सैल करून दिला, तर ती दुरुस्ती, कर नाही. नवाकोरा ड्रेस गिऱ्हाइकाच्या मापाचा करून दिला, तर सर्वसाधारण नियमानं पुन्हा करपात्र. न्यू जर्सीत याच ताईंना ही चिंता नाही, कारण तिथे कपडेच करमुक्त आहेत. मोठी उलाढाल नसलेल्या, हातच्या कसबावर घर चालवणाऱ्या या बायकांना हे कोणी वेळेवर सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. कॅलिफोर्नियात सेलर्स परमिट, म्हणजे विक्रेत्याचा परवाना, घ्यायला फी लागत नाही; पहिल्या ब्लाउजच्या आधी ते घ्यावं.

न्यू यॉर्क शहरातल्या ब्यूटी पार्लरचंही असंच. थ्रेडिंग, केस कापणं, मॅनिक्युअर यांवर राज्याचा कर नाही, पण शहराचे ४.५ टक्के आहेत. पूर्ण ८.८७५ घेणंही चूक आणि काहीच न घेणंही चूक.

आयटीवाल्यांसाठी दोन शब्द, कारण एका माणसाची कंपनी काढून बसलेले आपले लोक खूप आहेत. "मी कन्सल्टंट आहे, मला सेल्स टॅक्सशी काय देणंघेणं" हे आता सगळीकडे चालत नाही. टेक्सस डेटा प्रोसेसिंगच्या रकमेतले २० टक्के सोडून ८० टक्क्यांवर कर घेतं. कनेटिकटमध्ये कॉम्प्युटर आणि डेटा प्रोसेसिंग सेवांवर १ टक्का. मेरीलँडनं १ जुलै २०२५ पासून डेटा आणि आयटी सेवांवर ३ टक्के लावले. वॉशिंग्टननं १ ऑक्टोबर २०२५ पासून आयटी सपोर्ट, वेबसाइट बनवून देणं, गिऱ्हाइकासाठी खास लिहिलेलं सॉफ्टवेअर, तात्पुरतं मनुष्यबळ पुरवणं, जाहिरात अशा सेवा करपात्र केल्या. पेनसिल्व्हेनियात गिऱ्हाइकाच्या देखरेखीखाली काम करायला माणसं पुरवणं करपात्र आहे, म्हणून तिथे स्टाफिंग करताना काम तुमच्या देखरेखीत होणार की गिऱ्हाइकाच्या, हे करारात नीट लिहा. आणि या सेवांत बहुधा तुम्ही कुठे बसून काम केलं याला महत्त्व नसतं. गिऱ्हाइकाला लाभ कुठे मिळाला ते बघतात.

एक लाख डॉलरच्या मर्यादेबद्दल मेव्हण्यांनी ऐकलं असेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २१ जून २०१८ च्या साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर निकालानंतर राज्यांना बाहेरून विकणाऱ्यांवरही कर गोळा करण्याची जबाबदारी टाकता आली, आणि त्यासाठी उलाढालीच्या मर्यादा ठरल्या. कुठे एक लाख, तर टेक्सस आणि कॅलिफोर्नियात पाच लाख. पण ही मर्यादा प्रत्यक्ष त्या राज्यात पाऊल न टाकणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही व्हॅन घेऊन स्टेटन आयलंडला जाऊन नळ बसवता. पहिल्याच नळापासून न्यू यॉर्कशी तुमचा संबंध जोडला गेला. करपात्र काम घेण्याआधी तिथलं सर्टिफिकेट ऑफ अथॉरिटी, म्हणजे टॅक्स गोळा करण्याचा परवाना, घ्यावं लागतं. तिथल्या सेल्स टॅक्सच्या तिमाह्याही वेगळ्या: मार्च ते मे, जून ते ऑगस्ट, असं चालतं, आणि रिटर्न पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत. वर्षातून तीन-चार कामंच असतील, तर या सगळ्या कागदपत्रांचा खर्च धरून ती कामं परवडतात का, हेही एकदा बघा. माझं मत विचाराल तर फुटकळ दुरुस्तीसाठी नदीपलीकडे जाऊ नका. जायचं तर मोठं, करमुक्त इम्प्रूव्हमेंट घ्या.

आता मागच्या वर्षांचं. गिऱ्हाइकाकडून घ्यायचा टॅक्स घेतला नाही, तर तो राज्य तुमच्याकडून वसूल करतं. समजा वर्षाकाठी दुरुस्तीची मजुरी ८०,००० डॉलर होती आणि टॅक्स घेतला नाही. न्यू जर्सीच्या दरानं ५,३०० डॉलर झाले. वर दंड आणि व्याज. रिटर्नच भरले नसतील, तर ऑडिटला वर्षांची मर्यादा नसते. एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) असली तरी घाबरायचं कारण आहे: सेल्स टॅक्स राज्याच्या वतीनं सांभाळलेला पैसा मानला जातो, आणि जबाबदार व्यक्ती म्हणून मालकाच्या घरापर्यंत आणि बँक खात्यापर्यंत वसुली पोचू शकते. टॅक्स घेतला पण भरला नाही, हे त्याहून गंभीर. तसं कधी झालं असेल, तर हे उत्तर वाचून थांबू नका, वकील गाठा.

घेतलाच नाही, अशा माणसासाठी मात्र चांगली वाट आहे. व्हॉलंटरी डिस्क्लोजर म्हणतात. राज्याचं पत्र येण्याआधी आपण होऊन गेलात, तर साधारण तीन-चार वर्षांपुरताच हिशेब मागतात आणि दंड बहुधा माफ करतात, व्याज राहतं. सल्लागारामार्फत तुमचं नाव न सांगता आधी बोलणीही करता येतात. पत्र एकदा आलं की ही वाट बंद होते.

त्या आधीच एक काम सुरू करा. मागच्या चार वर्षांची बिलं काढा आणि तीन ढीग करा: नि:संशय इम्प्रूव्हमेंट, नि:संशय दुरुस्ती किंवा लॉन-सीसीटीव्ही, आणि बाकी संशयाची. पहिल्या ढिगातल्या प्रत्येक घरमालकाला आजच फोन करून एसटी-८ वर सही मागा. उशिरा आलेला फॉर्म वेळेवर आलेल्याइतका भक्कम नसतो, पण न्यू जर्सीत ऑडिटरनं मागितल्यापासून १२० दिवसांत तो सादर करता येतो, आणि प्रामाणिक कामाचा फॉर्म असेल तर स्वीकारला जातो. त्या १२० दिवसांत वीस जणांमागे धावण्यापेक्षा आता, लोकांना तुमचं काम आठवतंय आणि ते खूश आहेत तोवर, सह्या मिळवणं पुष्कळ सोपं जाईल.